चुलीपुढचे तास कोणाचे?



आज आपणांस एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. दिवसभर कचेरीत, कारखान्यात किंवा शाळेत राबून सायंकाळी सात वाजता घरी परतलेल्या स्त्रीने चपाती, भाजी, वरण, भात आणि तोंडी लावणे असे पाच पदार्थ पाच भांड्यांत शिजविलेच पाहिजेत, हा नियम कोणी केला? तो धम्मात नाही. तो राज्यघटनेत नाही. आरोग्यशास्त्रातही नाही. तरी तो घराघरांत पाळला जातो, आणि जी स्त्री तो मोडते तिला 'आळशी' ही पदवी बहाल होते.

हा नियम कोठे आहे ते आम्ही सांगतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला कोणत्या कामांत गुंतवून ठेवावे याची यादी आहे, आणि त्या यादीत अन्न शिजविणे व घरातील भांडीकुंडी सांभाळणे ही कामे आहेत. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. परंतु त्याचे हे एक पान आमच्याच स्वयंपाकघरात न जळता राहिले आहे. आपल्या घरातून मूर्ती उतरविल्या, व्रतवैकल्ये उतरविली; मग हे पान कोणत्या खुंटीवर टांगून ठेविले आहे?

याच प्रश्नासाठी आज आम्ही एका अगदी सामान्य पदार्थाची बाजू मांडणार आहोत. तो अमेरिकेतील कामकरी कुटुंबांचा पदार्थ आहे. गोमांसाचा खिमा, मॅकरोनी, कांदा आणि टोमॅटो एकाच पातेल्यात शिजवावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. तेथे कोणी त्याला 'अमेरिकन गुलाश' म्हणतात, तर न्यू इंग्लंड भागात 'अमेरिकन चॉप सुई' म्हणतात. नावे दुसऱ्या देशांतून उसनी आणलेली, पदार्थ मात्र तेथील श्रमिकांच्या घरचा. कामाच्या दिवशी रात्री अर्ध्या-पाऊण तासात चारपाच माणसांना पोटभर जेवू घालणे हा त्याचा एकमेव हेतू.

या पदार्थामागे गरिबाची अक्कल आहे, ती नीट पाहा. जनावराच्या मानेचे, खांद्याचे व पायाचे स्नायू सतत काम करीत असल्यामुळे चिवट असतात. त्यांचे तुकडे रश्श्यात मऊ व्हावयास दोन तास लागतात. तेच मांस यंत्रातून बारीक केले की त्याचे लांब धागे तुटतात आणि ते काही मिनिटांत शिजते. दातांनी व विस्तवाने करावयाचे काम यंत्राने आधीच केलेले असते. त्यात स्वस्त मॅकरोनी मिसळली की थोडे मांस अधिक माणसांना पुरते.

अमेरिकेत मांस महागू लागले तेव्हा जनरल मिल्स या कंपनीने १९७१ साली 'हॅम्बर्गर हेल्पर' नावाचा पुडा देशभर बाजारात आणला. कोरडी मॅकरोनी आणि मसाल्याची पूड त्यात असे. घरच्या खिम्यात मिसळून एकाच भांड्यात शिजविले की जेवण तयार. पण तेथील स्त्रिया पुडा विकत घेऊन गप्प बसल्या नाहीत. १९७३ साली किमती एवढ्या चढल्या की राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना २९ मार्च रोजी मांसाच्या दरांवर कमाल मर्यादा घालावी लागली. तेवढ्याने समाधान न होता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी देशभर मांसखरेदीवर बहिष्कार घातला. त्याच सुमारास आमच्या मुंबईतही १९७२ साली स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या स्त्रिया हातांत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. यातून काय शिकावयाचे? घरखर्चाचा हिशेब करणारी स्त्री राजकारणाबाहेर नसते. परंतु मोर्चाला जावयाचे तर चुलीपुढून उठता आले पाहिजे. पाच तास चुलीला बांधलेल्या स्त्रीला कोणता मोर्चा, कोणती सभा आणि कोणते वाचनालय?

आता कृती सांगतो. केवळ उपदेशाने पोट भरत नाही.

चार-पाच माणसांसाठी सुमारे ४५० ग्रॅम खिमा, २५० ग्रॅम मॅकरोनी, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या, ४०० ग्रॅम टोमॅटो आणि सुमारे ६५० मिलिलिटर पाणी घ्यावे. जाड बुडाचे पातेले चांगले तापवून त्यात खिमा पसरावा आणि तीन-चार मिनिटे तो हलवू नये. तेवढ्यात खालची बाजू तपकिरी होते, आणि रश्श्याची चव त्या तपकिरी रंगात असते. मग तो मोडून परतावा. चरबी फार सुटली असेल तर ओतून काढावी. त्यातच चिरलेला कांदा व लसूण मऊ होऊ द्यावा. आपल्या जिभेप्रमाणे तिखट, मीठ, थोडे जिरे घालावे. अमेरिकन मनुष्य ओवा-तुळशीच्या जातीची वाळलेली पाने घालतो, आपल्या घरी काळा मसाला असेल तर तो घालण्यास कोणाची परवानगी नको. नंतर टोमॅटो, पाणी आणि कोरडी मॅकरोनी एकदमच घालून उकळी आणावी, आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळावे, नाहीतर मॅकरोनी बुडाला धरते. बारा ते पंधरा मिनिटांत ती शिजते. रस्सा किंचित पातळ असतानाच गॅस बंद करावा. पाच मिनिटांत तो आपोआप दाटतो.

का दाटतो? मॅकरोनी वेगळ्या पाण्यात उकडली की तिचे पिठूळ सत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. येथे ते रश्श्यातच उतरते आणि त्याला अंग देते. ज्या घरात भाताची पेज ओतून न देता मुलांना पाजली जात होती, त्या घराला हे शास्त्र नव्याने शिकवावे लागणार नाही.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. अखंड मांसाच्या तुकड्यावर रोगजंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. १९९३ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या वड्यांमुळे ७०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. म्हणून तेथील सरकारी सूचना अशी की गोमांसाचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअस तापलाच पाहिजे. आपल्या पातेल्यात तो आधी परतला जातो व मग उकळत्या रश्श्यात शिजतो, त्यामुळे ही अट सहज पुरी होते. उरलेले अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे आणि पुन्हा वाफाळेपर्यंत तापवूनच खावे.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, ही आळशी माणसांची रीत आहे. उत्तर आकड्यांनी देतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषाने आपलीही नऊ मिनिटे काढून घेतली! आता सांगा, आळशी कोण?

दुसरा आक्षेप असा की, हे परक्यांचे अन्न आहे. आमच्या आयाबाया कणकेच्या लाटीचे तुकडे उकळत्या वरणात सोडून चकोल्या करीत, कोणी त्यांना वरणफळे म्हणत. गव्हाच्या पिठाचे तुकडे मसाल्याच्या पातळ पदार्थात शिजवून एकाच भांड्यात जेवण उरकावयाचे, हे तत्त्व त्यांना कोणी अमेरिकेतून पाठविले होते काय? शेतावरून थकून आलेल्या बाईने जे मराठवाड्यात शोधले, तेच गिरणीतून थकून आलेल्या बाईने तेथे शोधले. थकव्याला देश नसतो.

तिसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही. तो नाक मुरडून व्यक्त होतो. 'यात गोमांस आहे. आपण आता सुधारलो, मग हे कशाला?' हा आक्षेप आमच्यातीलच काही शिकलेले गृहस्थ घेतात म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे.

मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा आदेश दिला, हे खरे. परंतु तो आदेश कशाविरुद्ध होता? गावाने मेलेले ढोर ओढावयास लावावे, त्याचे मांस मजुरीच्या जागी पदरात टाकावे आणि पुन्हा त्याच मांसावरून विटाळ मानावा, या लाचारीविरुद्ध तो होता. स्वतःच्या कमाईचे पैसे मोजून, स्वतः निवडून, स्वच्छ दुकानातून आणलेले अन्न ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात गाव ठरवीत असे. दुसऱ्यात आपण ठरवितो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासातून उलगडून दाखविला. तो वाचूनही ज्याला आपल्या आजीच्या ताटाची लाज वाटते, त्याने धर्म बदलला, पण लाज देणाऱ्याचा डोळा तसाच ठेविला.

भगवान बुद्धांच्या संघातही हा वाद झाला होता. भिक्षूंनी मांस मुळीच खाऊ नये, असा नियम सर्वांवर लादण्याची मागणी देवदत्ताने केली. बुद्धांनी ती नाकारली. आपल्यासाठी प्राणी मारला असे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर भिक्षूने ते मांस घेऊ नये, एवढीच मर्यादा त्यांनी घातली. खाण्याची सक्ती नाही, तशी न खाण्याचीही सक्ती नाही. ज्या कुटुंबाला मांस नको त्याने भिजविलेला अख्खा मसूर त्याच पातेल्यात मऊ शिजवून मग मॅकरोनी घालावी. पातेले तेच, वाचलेला वेळही तोच.

कायद्याविषयीही गैरसमज नको. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेविली; परंतु जेथे कत्तल कायदेशीर आहे अशा राज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले, आणि ते करताना नागरिकाच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा आधार घेतला. म्हैस व रेडा या बंदीत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबाने हा पदार्थ परवान्याच्या दुकानातील म्हशीच्या खिम्याचा करावा. तो कमी चरबीचा असतो. चमचाभर तेल अधिक घालावे आणि मॅकरोनी घालण्यापूर्वी तो थोडा अधिक शिजवावा. अमेरिकेत किंवा इंग्लंडात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींपुढे ही अडचण नाही. कायदा अन्यायाचा वाटत असेल तर तो सभेत, न्यायालयात आणि मतपेटीत लढवावा. त्यासाठी घरच्या बाईमाणसांना संकटात लोटू नये.

शेवटचा मुद्दा पुरुषांना उद्देशून आहे. वाचलेला तास कोणाच्या पदरात पडणार? एका पातेल्यात जेवण झाले म्हणून त्या तासात स्त्रीने आणखी कपडे धुवावेत, असा हिशेब कोणी करील तर सारे मुसळ केरात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. आपल्या घराचे माप त्या काट्याने घ्या. जो प्रथम घरी येईल त्याने पातेले चढवावे. वर लिहिलेल्या कृतीत असे एकही काम नाही की जे पुरुषाच्या हातून होऊ नये. कांदा चिरता येतो, ढवळता येते, घड्याळ पाहता येते. आणखी काय हवे? आणि जेवणानंतर घासावयाचे पातेले एकच आहे, तेही त्यानेच घासावे.

आपल्या आजीचे आयुष्य दुसऱ्याने टाकलेल्या अन्नावर गेले. आपल्या आईचे आयुष्य आपले अन्न शिजविण्यात गेले. मुलीचे आयुष्य कशात जावे, हे आज रात्री आपल्या घरातील गॅस कोण पेटवितो यावरून ठरणार आहे.