ईयोबाची कैफियत

ईश्वराविषयीच्या खोट्या समजुती नास्तिकाच्या घरी फारशा वाढत नाहीत. त्यांचे संगोपन होते ते भाविकांच्याच घरी, आणि त्यांतील सर्वांत चिवट समजूत म्हणजे ईश्वर हा जुन्या अमदानीतील एखाद्या महालकऱ्यासारखा असून नजराणा वेळेवर पोचला तर तो राजी होतो, आणि न पोचला तर आजार, अपमृत्यू आणि बेकारी यांच्या जप्त्या घरावर धाडतो, ही होय. उल्हास खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना खेटून वाढलेल्या शहरांत ही समजूत धर्माधर्मांत भेद करीत नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बंगाली बाबांच्या जाहिराती वाचून जे हसतात, त्यांच्यातीलच काही ख्रिस्ती मंडळी उत्पन्नाचा दशांश चुकता दिला म्हणजे मुलाचा परदेशचा व्हिसा अडत नाही, हे आश्वासन रविवारच्या सभेत 'आमेन' म्हणून निःशंकपणे स्वीकारतात. मी ख्रिस्ती असल्यामुळे परक्यांच्या भ्रमांपेक्षा स्वकीयांच्या भ्रमांविषयी बोलणेच मला उचित वाटते.

नवल असे की, या समजुतीविरुद्धची सर्वांत खणखणीत फिर्याद ज्या ग्रंथात नोंदलेली आहे, तो ग्रंथ या मंडळींच्या उशाशीच असतो. बेचाळीस अध्यायांच्या ईयोबाच्या पुस्तकात एक नीतिमान गृहस्थ संपत्ती, संतती आणि आरोग्य यांना एकापाठोपाठ एक मुकतो. सांत्वनासाठी आलेले मित्र सात दिवस मौन पाळून बसतात, आणि मग जी वाचा फोडतात ती थेट आरोपाचीच: तू काही तरी पाप केले असलेच पाहिजे, एरवी ही आपत्ती येती ना. मित्रांची भाषा भक्तीची आहे, ईयोबाची जवळजवळ बंडखोराची. आणि तरीही शेवटच्या अध्यायात देव निवाडा देतो तो असा की, माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून ठार झालेल्या अठरा जणांचा उल्लेख येतो, आणि ते यरुशलेमातील इतरांहून अधिक पापी होते काय, या प्रश्नाला येशू निःसंदिग्ध नकार देतो. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली; २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली जाऊन सुमारे हजार प्रवासी अडकले. अशा वेळी हा कोणाच्या पापाचा प्रताप, याची कुजबूज करणाऱ्याने लूकचा हा अध्याय वाचलेला नसतो, अथवा वाचूनही तो त्याच्या कानामागून गेलेला असतो.

परंतु बायबल घरात असणे निराळे आणि त्याचे अध्ययन करणे निराळे. ख्रिस्ती घरांतील भिंतींवरच्या दिनदर्शिकांत यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील एक वचन हटकून आढळते. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अशा आशयाचे ते वचन परीक्षेस बसणारा विद्यार्थी आणि घरासाठी कर्ज काढणारा कारकून हे दोघेही आपापल्या नावाने आलेले हमीपत्र समजून वाचतात. वस्तुतः तो अध्याय म्हणजे बाबेलात नेलेल्या निर्वासितांना यरुशलेमाहून पाठविलेला एक खलिता आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा लोकप्रिय संदेष्टा दोन वर्षांत सारे काही पूर्ववत होईल, असे ठासून सांगतो. यिर्मया त्याला खोटा ठरवितो, आणि निर्वासितांना लिहितो की, सत्तर वर्षे लागतील, तेव्हा तेथेच घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा. हिताच्या संकल्पांचे वचन या सत्तर वर्षांच्या लगेच खाली येते. म्हणजे झटपट सुखाचे आश्वासन देणाऱ्यांच्या विरोधात जे पत्र लिहिले गेले, त्यातलेच एक वाक्य कापून घेऊन आपण झटपट सुखाचे आश्वासन बनविले!

हे पत्र समजून घेण्यास उल्हासनगरासारखे दुसरे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली, आणि छावणीतील कॅम्पांना दिलेले आकडे आजही तेथील पत्त्यांत नांदत आहेत. त्या लोकांचा धर्म निराळा, यिर्मया त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलाही नसेल; तथापि परत जाण्याचा मार्ग बंद झालेल्या माणसांनी दुकाने थाटावीत, शाळा काढाव्यात आणि परक्या भूमीचे नगर करावे, हे त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत करून दाखविले. इतकी मोठी आपत्ती ज्यांच्यावर आली, ते अधिक पापी होते काय? हा प्रश्न नुसता उच्चारला तरी त्यातील क्रौर्य ध्यानात येते.

बायबलच्या अशा चिकित्सक अध्ययनाचा मराठी आदर्श कोणता, असे विचाराल तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थोतीर्थी फिरलेल्या या कुटुंबाने दैवत प्रसन्न व्हावे म्हणून जवळचे द्रव्य दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत वेचले, आणि दुष्काळात त्यांच्यावर उपासमारीची पाळी येऊन आईबाप व बहीण दगावली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तथापि १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी एका प्रमाणाच्या जागी दुसरे डोळे मिटून बसविले नाही. आपल्या धर्मगुरूंशी आणि इंग्लंडातील मठवासिनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी सिद्धांतांविषयी त्यांचा दीर्घ आणि कित्येकदा कडवट पत्रव्यवहार झाला, आणि शास्त्र स्वतः वाचून स्वतःच्या विवेकाने स्वीकारण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही. बाप्तिस्म्यानंतर कैक वर्षांनी त्यांनी कबूल केले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून अल्पशिक्षित स्त्रियांनाही उमजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर आरंभिले, आणि ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ज्या बाईने आयुष्याच्या उत्तरार्धातील वर्षे शब्दाशब्दाच्या शोधात घालविली, तिच्या भाषेच्या प्रांतात आज एका वचनावर तासभर आरडाओरडा करून सभा उठते, हे शोचनीय आहे.

कोणी म्हणेल की, ग्रंथ वाचूनही माणसे भ्रमात राहतात. खरे आहे, मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानसुद्धा स्तोत्रातील वचन उद्धृत करतो, आणि येशू त्याला उत्तर देतो ते दुसऱ्या वचनाच्या आधारे. याचाच अर्थ, वचनाला वचनाशी भिडविल्यावाचून निकाल लागत नाही. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आणि तो आवश्यकच होता; परंतु कायदा भोंदूला पकडतो, त्याच्या दारात रांग लावणाऱ्याच्या मनातला महालकरी त्याला पकडता येत नाही.

म्हणून या तिन्ही शहरांत घरोघरी, चाळीतील खोल्यांत आणि भाड्याच्या गाळ्यांत प्रार्थनासभा चालविणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. येत्या उपवासकाळात ईयोबाचे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अध्याय न गाळता वाचून घ्या. श्रोत्यांना मधेच हात वर करून शंका विचारू द्या, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा. रुग्णासाठी अवश्य प्रार्थना करा, पण तुझ्या कोणत्या पापामुळे हे झाले, असे त्याला विचारू नका. आणि ज्या सभेत आजाऱ्याला विश्वासाच्या नावाखाली डॉक्टरांची औषधे सोडावयास सांगितले जाते, त्या सभेतून ख्रिस्ती माणसाने तत्क्षणी उठून जावे, आणि जाताना त्या आजाऱ्यालाही बरोबर न्यावे.