५० तासांच्या लॉगमध्ये न लिहिलेला एक तास

पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

यंदा मार्चमध्ये, ऐन टॅक्स सीझनात, रात्री पावणेदहाला लेकीचा फोन आला. "आई, टायर बसलाय. मी आय-९०च्या शोल्डरवर थांबलेय." मागून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज मला फोनमध्ये ऐकू येत होता. आणि मी पहिलं वाक्य काय बोलावं? "बघून चालवत नव्हतीस का?" सतरा वर्षांची पोर अंधारात एकटी बसलीय आणि आई खिळ्याचा हिशेब मागतेय!

ती म्हणाली, "व्हिडिओ बघून मीच बदलू का?" मी "अजिबात उतरू नकोस" म्हटलं, तेवढंच त्या रात्रीचं माझं शहाणपण. मग कोणीतरी गाडी थांबवून काचेवर टकटक केली. "आई, काच खाली करू?" मला उत्तर सुचेना. तो माणूस भलाच असावा, थोडा वेळ थांबून निघून गेला. पण ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही.

टोलवेची मदतीची गाडी आली. त्यांनी विचारलं, "स्टेपनी कुठाय?" डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! हवा भरायचा छोटा पंप आणि सीलंटची बाटली. टायर बाजूने फाटलेला, म्हणजे त्याचाही उपयोग शून्य. गाडी टो करून आणली. मी सीए. वीस वर्षं लोकांच्या गोदामांत जाऊन स्टॉक मोजला, पण स्वतःच्या डिकीत काय आहे ते कधी पाहिलं नाही.

इलिनॉयमध्ये अठराच्या आतल्या मुलांना लायसन्सआधी ५० तास सराव करावा लागतो, त्यातले १० रात्रीचे. ते झाले अशी सही पालक करतात. आमचा लॉग अगदी टापटीप होता, तारीखवार. त्यात पार्किंग होतं, बर्फ होता, वुडफील्ड मॉलची डिसेंबरातली गर्दी होती. पंक्चरचा एक मिनिटही नव्हता. आणि सही माझी.

लाज जास्त वाटली, कारण मला हे शिकवलं गेलं होतं. साताऱ्यात आमची बजाज चेतक होती. बाबांची अट होती की आधी स्टेपनी बदलून दाखवायची, मग किल्ली. अंगणात स्कूटर एका अंगावर कलती करून, खाली वीट लावून, पान्याने नट सोडवायचे. पुढे आर्टिकलशिपला असताना कोरेगाव रस्त्यावर एकदा खरंच पंक्चर झाली. मी पाना काढेपर्यंत दोघंतिघं थांबलेच. पुढच्या टपरीवर, जिथे झाडाला जुना टायर टांगलेला असतो तिथे, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघायचे, घासायचं, सोल्युशन लावायचं, पॅच मारायचा. काम झालं.

तिकडे अर्धं रस्ताच शिकवायचा. इथला रस्ता शिकवत नाही.

"रोडसाइड असिस्टन्सची मेंबरशिप आहे की!" असं म्हणाल. मीही भरते. पण मेंबरशिपने ट्रक येतो. तो येईपर्यंतची चाळीस मिनिटं मुलांनी एकट्याने काढायची असतात. आणि "आमच्या वेळी आम्ही स्वतः बदलायचो" म्हणणाऱ्यांनाही सांगते, माझा चेतकवाला धडा तिने आय-९०वर गिरवला असता तर जीवावर बेतलं असतं. शिकागो फायर डिपार्टमेंटचे लेफ्टनंट स्कॉट गिलन २००० साली डॅन रायन एक्सप्रेसवेवर अपघातस्थळी मदत करताना गाडीखाली गेले. थांबलेल्या गाड्यांपासून दूर सरका, वेग कमी करा, हा इथला 'स्कॉट्स लॉ' त्यांच्याच नावाचा. प्रशिक्षित माणसाचं असं होतं, तिथे आपल्या पोरांचं काय?

म्हणून मुलांना एवढं तरी शिकवा:

१. टायर बसला तर जोरात ब्रेक नाही. स्टिअरिंग घट्ट धरून, हॅझर्ड लावून, हळूहळू बाजूला. एक्झिट जवळ असेल तर सावकाश तिथपर्यंत न्या. रिम गेली तर जाऊ दे.

२. हायवेच्या शोल्डरवर टायर बदलायचा नाही. ट्रॅफिकच्या विरुद्ध बाजूने उतरून गार्डरेलपलीकडे जाता आलं तर जा, नाहीतर बेल्ट लावून आत बसा. इलिनॉय टोलवेवर स्टार ९९९, धोका वाटला तर ९११. माइल मार्कर सांगता आला पाहिजे.

३. अनोळखी कोणी आलं तर काच दोन बोटं खाली. "थँक यू, मदत येतेय." हा उद्धटपणा नाही.

४. डिकी आजच उघडा. छोटी स्टेपनी असेल तर तिच्यात हवा आहे का बघा. तिच्यावर साधारण ताशी ५० मैलांच्या वर जायचं नाही.

५. रिकाम्या पार्किंगमध्ये एकदा खरंच टायर बदलायला लावा. हँडब्रेक, नट आधी ढिले, मग जॅक. आवळताना समोरासमोरचे नट. मुलींनाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

आणि लेक किंवा लेकी मोटरसायकल घ्यायची म्हणत असतील, तर हे दुप्पट. तिथे स्टेपनी नाही, आणि आत बसून राहायला काचही नाही.

आम्ही आता स्टेपनी, जॅक, पाना सगळं घेतलं. रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये लेकीने टायर बदलला, साताऱ्याहून बाबा व्हिडिओ कॉलवर सूचना देत होते. पहिल्यांदा पाऊण तास लागला. पुढच्या वर्षी धाकट्याचा लॉग सुरू होईल. त्याच्यावर सही करण्याआधी मी या वेळी नीट ऑडिट करणार आहे.

तुमच्या डिकीत काय निघालं? बघून या आणि कमेंटमध्ये लिहा.