सुई दुखण्यावर चालते, मधुमेहावर नाही



गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीवर बसून नमाज अदा करणाऱ्या बायका आता प्रत्येक घरात दिसतात. गोळ्या खाऊन पोट बिघडले की कोणीतरी सुचवते, "अ‍ॅक्युपंक्चर करून बघा." म्हणून या महिन्यात थोडे त्याविषयी.

ही पद्धत मूळची चीनची. आपल्याकडे ती येण्यामागे एक जुने नाते आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धात सापडलेल्या चीनला मदतीसाठी गेले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. बसू, पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि इथे तिचा प्रसार केला.

सुई काय करते?

ही सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते. तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. ठरावीक जागी टोचून ती साधारण वीस-तीस मिनिटे तशीच ठेवतात. शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते आणि सुईने तिची वाट मोकळी होते, असे जुने चिनी वैद्य मानत. आजचे डॉक्टर म्हणतात की सुईमुळे नसा जाग्या होतात आणि वेदना कमी करणारी द्रव्ये शरीरातच तयार होतात.

फायदा कुठे?

जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज आणि वारंवार होणारी डोकेदुखी यांत अनेकांना आराम मिळतो. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात, नेहमीची औषधे चालत नसतील तर अर्धशिशीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० बैठकांपर्यंत हा उपचार सुचवला आहे. मात्र खोट्या जागी सुया टोचूनही बऱ्याच रुग्णांना जवळपास तेवढाच आराम पडल्याचे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून चमत्काराची अपेक्षा नको. पाच-सहा बैठकांत काहीच फरक पडला नाही, तर पैसे वाचवा.

धोका कुठे?

आमच्या ओळखीतल्या एका खालाजानना "सुया सुरू झाल्या, आता साखरेच्या गोळ्या बंद करा" असे सांगण्यात आले. दोन महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि त्यांना दवाखान्यात भरती करावे लागले. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, कर्करोग यांची औषधे सुईच्या भरवशावर कधीही बंद करू नका. छातीत दुखत असेल, अंगाची एक बाजू लुळी पडली असेल, तर सरळ मोठा दवाखाना गाठा.

जाण्यापूर्वी हे पाहा :

• उपचार करणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारा. विचारण्यात लाज कसली?

• सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे आणि सुई एकदाच वापरली पाहिजे. वापरलेल्या सुईतून कावीळ 'ब' होऊ शकते.

• रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

• महिला उपचारक हवी असेल तर तसे फोनवरच विचारून घ्या.

घरी करण्याजोगे

सुया घरी टोचायच्या नाहीत. बोटाने दाबणे मात्र चालते. एस.टी.त मळमळत असेल तर तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे आपलीच तीन बोटे आडवी मोजा. तिथे मूठ वळल्यावर दोन दोऱ्या उठून दिसतात. त्यांच्या मधली जागा अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीतही या जागेचा उपयोग दिसून आला आहे.

दुखणे अंगावर काढणे म्हणजे सब्र नव्हे. इलाज जरूर करा, पण डॉक्टरांना सांगून करा. अल्लाह सर्वांना शिफा देवो.