राज्य मराठी झाले, कागद केव्हा होणार?

नागपूरकर बंधूभगिनींनो, मराठीत राज्यकारभार म्हणजे काय, हे आम्हांला मुंबईकडून शिकायचे नाही. हे शहर जुन्या मध्यप्रदेशची राजधानी होते, तेव्हाच 1950 च्या राजभाषा कायद्याने हिंदीच्या जोडीला मराठी सरकारी भाषा झाली. डॉ. रघुवीरांनी कारभारासाठी संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय जोडून हजारो शब्द घडविले, तेही याच नागपुरात. पुढे 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय आले, 1964 ला राजभाषा अधिनियम आला. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. फार चांगले झाले! पण काटोलचा शेतकरी तहसिलीचा कागद हातात घेऊन आजही दुसऱ्यालाच विचारतो, “भाऊ, काय लिवलं हाय यात?”

हा अडाणीपणा त्याचा नव्हे. कागदाचा आहे.

नमुना पाहा. असे कागद घरोघरी सापडतील: “उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, संदर्भाधीन अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत करण्यात न आल्यास सदर प्रकरणी उचित ती कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल, याची नोंद घेण्यात यावी.”

वाचून दम लागला ना? आता आम्ही विचारतो: कागदपत्रे कोणती? मुदत कोणत्या तारखेची? कार्यवाही करणार कोण, आणि ‘उचित’ म्हणजे मंजुरी की नामंजुरी? एवढ्या लांब वाक्यात एकाही प्रश्नाला उत्तर नाही. आणि मुदत टळली की हेच साहेब सांगणार, “तुम्हांला लेखी कळविले होते!”

काही विद्वान दोष शब्दांना देतात. पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टिंगल झालीच होती. आम्ही त्या टिंगलीत सामील नाही. आयुक्त, अभियंता, संचालक हे शब्द आज पानठेल्यावरसुद्धा चालतात. शब्द वापराने रुळतो. वाक्य मात्र रुळत नाही. ‘करण्यात येईल’, ‘घेण्यात यावी’ ही इंग्रजी साहेबाच्या मसुद्याची छाया आहे. त्यात काम होते, पण करणारा कुठेच दिसत नाही. साहेब गेला, छाया राहिली.

आता तोच कागद आम्ही दुरुस्त करून दाखवतो: “तुमच्या अर्जासोबत सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत नाही. हे दोन कागद 15 तारखेपर्यंत तलाठ्याकडे द्या. ते आले नाहीत, तर तहसीलदार अर्ज नामंजूर करतील.”

तीन वाक्ये. दुसरे वाक्य पहिल्याचा हात धरते: ‘हे दोन कागद’. तिसरे दुसऱ्याचा: ‘ते आले नाहीत’. मूळ कागदातला ‘सदर’ नुसताच बोट दाखवतो, कशाकडे ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. आपल्या आजीबाई गोष्ट सांगताना हा धागा कधी तुटू देत नाहीत. शिकलेल्या कचेरीला तो का जमू नये?

जमत नाही असे नाही, बाप्पा! तसे लिहायचे तर आधी फाईल उघडून पाहावी लागते. कोणता कागद नाही, तारीख कोणती, निर्णय कोणाचा, हे लिहिणाऱ्याला कळावे लागते, आणि एकदा लिहिले की त्याला ते बांधून घेते. म्हणून ‘आवश्यक ती’ आणि ‘उचित ती’ हे शब्द इतके लाडके. हा प्रश्न व्याकरणापुरता नाही, जबाबदारीचाही आहे.

कोणी म्हणेल, कायद्याची भाषा अचूक लागते. मान्य! कलमाचा क्रमांक खाली लिहा, कोण अडवतो? पण ‘विहित मुदत’ हा शब्द ‘15 तारीख’ यापेक्षा अचूक कसा, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे. आणि सोपे लिहायचे म्हणून इंग्रजी शब्दांची खिचडी करणाऱ्यांनाही आमचा नमस्कार. ते औषध रोगापेक्षा वाईट.

1953 च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे भरवण्याचा शब्द दिला. त्या अधिवेशनासाठी मुंबईहून फायलींचे गठ्ठे येतात. आमची मागणी अशी: लोकांना पाठवायच्या प्रत्येक नोटिशीचा छापील नमुना आधी कचेरीबाहेरच्या दोन माणसांना वाचून दाखवावा. त्यांनी ‘आता मी काय करायचे’ हे बरोबर सांगितले, तरच तो छापावा. खाली अधिकाऱ्याचे नाव आणि कचेरीचा फोन असावा.

तोवर आपण गप्प बसायचे कारण नाही. असा कागद घरी आला की त्यावर खुशाल लिहा: ‘कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत, ते मराठीत कळवा.’ एक नक्कल आपल्याजवळ ठेवा, कागद कचेरीत परत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.