गप्प बसवणारं गाणं



वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात बैठकीला बायका लेकरं घेऊन येतात. परवा त्यांना गप्प बसवायला मी टीव्हीवर डिस्नेचा १९८९ सालचा ‘द लिटिल मर्मेड’ लावला. मराठीत अर्थ सांगत होते. गाण्यांवर पोरं डोलली. समुद्रातली चेटकीण दिसताच तीन वर्षांची एक रडत आईला बिलगली. आणि चेटकिणीच्या गाण्याशी मीच अडखळले. पुरुषांना बोलक्या बायका आवडत नाहीत, असं पटवून ती एरियलचा आवाज घेते. सहा वर्षांची एक म्हणाली, “मावशी, तिनं दिला कशाला?”

सेन्सॉरचा ‘यू’ शिक्का इथे पुरत नाही. २०२४ च्या नियमांतले वयाचे नवे टप्पेही ७ वर्षांपासून सुरू होतात. त्याआधीचं ठरवायचं घरानं. एकट्या आईनं नव्हे, बापानंही.

माझं मत असं : तीन वर्षांच्या लेकराला हा चित्रपट नको, भीतीच मनात राहते. सहा वर्षांच्या मुलीला दाखवावा, पण शेजारी बसून. ते बोल खलनायिकेचे आहेत, हे मोठ्यांना कळतं; मुलांच्या ओठांवर चाल राहते. ‘मुलीच्या जातीनं हळू बोलावं’ हे आपणही असंच गोड आवाजात ऐकलं होतं. म्हणून त्या प्रश्नाला उत्तर द्या. मुलीला गप्प बसवू नका.