कोरांटीचं बी

मागच्या आठवड्यात ब्रिस्बेनहून भाचीचा फोन आला. "मावशी, दादा मार्चमध्ये इकडे येतोय ना? त्याच्याबरोबर आपल्या कोरांटीचं बी पाठव. चिमूटभर पुरे." मी नुसतं "बघते" म्हणाले. फोनवर नाही म्हणवेना. ती हे पान नेमाने वाचते, म्हणून इथेच लिहिते.

ही कोरांटी मूळची तिच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची. माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यात, ताईने ती गडग्याच्या कडेने ओळीने लावली होती. दिवाळीच्या सुमारास पिवळीधमक फुलायची. सकाळी काटे चुकवत फुलं खुडायची आणि केळीच्या सोपात वळेसर करायचा, हे ताईचं काम. भाचीच्या दोन वेण्यांवर तो असायचाच. २०१९ साली ताई गेली. त्या पावसाळ्यात मी चार फांद्या पुण्याला आणून अंगणात लावल्या.

त्यातल्या दोन मीच मारल्या. ताईची आठवण म्हणून रोज पाणी, वर शेणखत! काळ्या मातीत पाणी साचलं आणि मुळं कुजली. उरलेल्या दोन कुंपणाजवळच्या मुरुमात होत्या, तिकडे माझं लक्ष नव्हतं, त्या जगल्या. तेव्हापासून कोरांटीची निगा म्हणजे आपला हात आवरणं, एवढंच मी धरून चालते. ऊन भरपूर हवं, पाणी साचता कामा नये, फुलं सरली की फाल्गुनात छाटणी करावी. छाटलं नाही तर खालून उघडी आणि काटेरी होते. बोंडं वाळली की तडकतात, दोन-दोन बिया दूर उडतात आणि पावसाळ्यात रोपं आपोआप उगवतात. नको तिथली मी उपटते. एवढं चिवट झुडूप नर्सरीवाले क्वचितच ठेवतात. नाही मेलं तर पुन्हा विकणार काय!

हा चिवटपणाच आता आड येतो आहे.

ऑस्ट्रेलियात आपली कोरांटी उपद्रवी तण ठरली आहे. शोभेचं झाड म्हणून तिथे गेली आणि बागेतून निसटली. उत्तरेकडच्या माळांवर तिच्या दाट काटेरी जाळ्या होतात, चराऊ गवत मरतं आणि काट्यांमुळे गुरांना आत शिरता येत नाही. आपल्याकडे तिला आवर घालणारं जे काही आहे, ते तिथे नाही.

हल्ली "देशी झाडं लावा" असं सगळे सांगतात, मीही सांगते. पण देशी म्हणजे कुठेही लावलं तरी चांगलं, असं नव्हे. देशी हा झाडाचा गुण नाही, ते झाड आणि जागा यांचं नातं आहे. घाणेरी आठवा. अमेरिकेतली ती, इंग्रजांनी शोभेसाठी आणली आणि आज आपल्या डोंगरांवर तिने काय करून ठेवलंय! ऑस्ट्रेलियालाही तिने असंच छळलं आहे. ज्याने आपण पोळलो, तेच प्रेमापोटी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं का?

कोणी म्हणेल, कुंडीत दोन रोपं लावल्याने काय बिघडतं? घाणेरी आणणाऱ्यांनाही तसंच वाटलं असेल. शिवाय बी तिथल्या विमानतळावर पकडलं जाईल ही गोष्ट वेगळीच. पण न पकडता नेता आलं असतं, तरी मी दिलं नसतं.

बाळ, राग मानू नकोस. आई हवी आहे म्हणून तू बी मागतेस, हे मला कळतं. तिथल्या मातीतलं एखादं झुडूप शोध, त्याचं नाव शिकून घे, तुझ्या लेकीला ते फूल माळ. आणि एकदा मार्गशीर्षात इकडे ये. काटे मी चुकवीन, वळेसर तू कर. ताईची गाठ मला कधी नीट जमली नाही, तुला येते.

बाकी मंडळी, इथे राहणाऱ्यांना कोरांटी हवी असेल तर पावसाळ्यात फांद्या घेऊन जा. गावी नवी भिंत बांधताना तुम्हीच ती उपटली होती, हे मात्र मी ऐकवणार!