गुप्तधन कुठे शोधाल?

नांदगावच्या तरुणांनो, गुप्तधनाचा नाद लागलाच असेल तर मांत्रिकाच्या मागे रात्री कुदळ घेऊन निघू नका. गुप्तधनापायी केलेले अघोरी प्रकार २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत आणि त्यात फसतो, मरतो तो गरीबच. आधी नाशिक जिल्ह्याचे १८८३चे गॅझेटिअर उघडा. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली; बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप होता. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव त्रिरश्मी बुद्धलेण्यातला शिलालेख सांगतो, त्याला या नाण्यांची साक्ष मिळाली. सोनाराच्या मुशीत गेली असती तर? आपला इतिहास आधीच पुष्कळ पुसला गेला आहे. म्हणून काही सापडलेच तर उकरत बसू नका, १८७८च्या कायद्याप्रमाणे थेट जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.